पोर्टेबल सॉफ्टवेअर सेटिंग्ज विसरते, पासवर्ड गमावते किंवा उघडतच नाही: तपास कोठून सुरू करावा

पोर्टेबल, म्हणजे पेनड्राइव्हवर टाकून सोबत नेता येणाऱ्या, सॉफ्टवेअरबद्दल एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा येते. झिप फाइल डाउनलोड केली, प्रोग्राम लगेच चालू झाला, फॉन्ट, टूलबार, भाषा सगळे मनासारखे लावून घेतले, आणि दुसऱ्या दिवशी किंवा तोच पेनड्राइव्ह दुसऱ्या संगणकाला लावल्यावर प्रोग्राम पुन्हा कोरा करकरीत उघडला. कधी सेटिंग्ज टिकतात पण जतन केलेले पासवर्ड जातात. कधी प्रोग्राम उघडतच नाही आणि एखाद्या डीएलएल फाइलचे (प्रोग्रामला लागणाऱ्या सहायक फाइलचे) नाव सांगून थांबतो. अशा वेळी बहुतेक जण फोल्डर पुसून प्रोग्राम नव्याने उतरवून घेतात. त्यामुळे काही दिवस बरे जातात आणि तक्रार परत येते, कारण प्रोग्रामच्या फाइली मुळात धडधाकटच असतात. प्रोग्राम आपली माहिती नेमकी कोठे लिहितो आणि त्या जागी त्याला लिहू दिले जाते का, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली की निम्म्याहून अधिक तक्रारींचा उलगडा होतो, असे माझे मत आहे. म्हणून सुरुवात तेथूनच केली आहे. विवेचन मुख्यतः विंडोजपुरते आहे. लिनक्स आणि मॅकओएस यांचा भाग शेवटी थोडक्यात येईल.

आधी एक भेद स्पष्ट असायला हवा. इन्स्टॉल न करता चालणारा प्रत्येक प्रोग्राम पोर्टेबल असतोच असे नाही. दूरच्या सर्व्हरशी जोडणी करून देणारे पुट्टी हे याचे उत्तम उदाहरण आहे. त्याची एकच एक्झी, म्हणजे प्रोग्राम चालू करणारी, फाइल असते, ती कोठूनही चालते, त्यामुळे ती पेनड्राइव्हवर टाकून नेणारे पुष्कळ आहेत. परंतु पुट्टी आपली जतन केलेली सेशन्स (जोडण्यांची सेटिंग्ज) आणि सर्व्हरच्या ओळखीच्या किल्ल्या विंडोजच्या रजिस्ट्री या सेटिंग्जच्या कोठारात, म्हणजे त्या विशिष्ट संगणकावरील त्या विशिष्ट वापरकर्त्याच्या खात्यात लिहिते. पेनड्राइव्ह दुसरीकडे नेला की सेशन्सची यादी रिकामी दिसणे हे तिच्या रचनेला धरूनच आहे. खऱ्या अर्थाने पोर्टेबल प्रोग्राम आपली सगळी माहिती स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवतो आणि फोल्डर हलवला की माहितीही सोबत येते. आपल्या हातातला प्रोग्राम या दोहोंपैकी कोणत्या जातीचा आहे हे आधी ठरवावे, कारण पहिल्या जातीच्या प्रोग्रामला कितीही वेळा नव्याने उतरवले तरी त्याची सवय बदलत नाही.

हे ठरवण्याची चाचणी साधी आहे. प्रोग्रामचा फोल्डर ड्राइव्हच्या मुळाशी, उदाहरणार्थ डी ड्राइव्हवर ‘टूल्स’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवावा. प्रोग्राम उघडून डोळ्यांना दिसेल असे एकच सेटिंग बदलावे, जसे की पार्श्वभूमीचा रंग, आणि प्रोग्राम नेहमीच्या रीतीने, त्याच्या मेनूतून बंद करावा. मग त्या फोल्डरमध्ये ‘डेट मॉडिफाइड’ या रकान्यावर क्लिक करून सर्वांत ताजी फाइल वर आणावी आणि आतील उपफोल्डरही तसेच पाहावेत. आत्ताची वेळ असलेली एखादी इनी, एक्सएमएल किंवा जेसन फाइल (सेटिंग्ज ठेवण्याचे हे नेहमीचे प्रकार) दिसली, तर प्रोग्राम स्वतःजवळच लिहितो आहे. तशी एकही फाइल नसेल, तर विंडोज आणि आर या कळा एकत्र दाबून येणाऱ्या रन चौकटीत दोन टक्केचिन्हांच्या मध्ये ‘ॲपडेटा’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून एंटर दाबावे. उघडणाऱ्या फोल्डरमध्ये, किंवा त्याच्या शेजारच्या ‘लोकल’ फोल्डरमध्ये, प्रोग्रामच्या किंवा त्याच्या निर्मात्याच्या नावाचा फोल्डर आत्ताच्या वेळेसह सापडला, तर सेटिंग्ज तेथे जात आहेत. दोन्हीकडे काहीच नसेल, तर बहुधा रजिस्ट्री.

या चाचणीनेही उत्तर मिळाले नाही, तर मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातील प्रोसेस मॉनिटर वापरावा. त्यात आपल्या प्रोग्रामच्या नावाची गाळणी लावून फाइल लिहिण्याच्या आणि रजिस्ट्रीत किंमत टाकण्याच्या क्रियांवर नजर ठेवली की लिहिण्याचा पत्ता पूर्ण मार्गासह समोर येतो, आणि लिहिणे नाकारले गेले असेल तर शेजारच्या रकान्यात ‘ॲक्सेस डिनाइड’ असे स्पष्ट दिसते. प्रोसेस मॉनिटर स्वतः इन्स्टॉल करावा लागत नाही. मात्र वापराच्या अटी मान्य केल्याची नोंद तो रजिस्ट्रीत करतो, म्हणून प्रत्येक नव्या संगणकावर त्या अटी पुन्हा विचारतो. वर सांगितलेल्या भेदाचा नमुना असा तपासाच्या हत्यारातच सापडतो.

झिपच्या आतून चालवलेला प्रोग्राम

सेटिंग्ज दर वेळी जाण्याचे सर्वांत साधे कारण हे आहे, आणि ते सर्वांत जास्त वेळा नजरेतून निसटते, कारण विंडोज एक्सप्लोरर झिप फाइल साध्या फोल्डरसारखीच उघडून दाखवतो. त्यातील एक्झीवर दोनदा क्लिक केले, की विंडोज ती तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरमध्ये काढून तेथून चालवते. प्रोग्राम बिचारा आपल्या शेजारी सेटिंग्ज लिहितो, पण ते शेजारचे ठिकाण तात्पुरते असते आणि पुढच्या वेळी नवे असते. प्रोग्रामला शेजारी इतर फाइली लागत असतील तर त्या तेथे पोहोचलेल्याच नसतात आणि ‘अमुक डीएलएल सापडत नाही’ असा निरोप येतो. खूण अशी की एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत मार्गामध्ये ‘डॉट झिप’ दिसते. झिपवर राइट-क्लिक करून ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’ करावे, आणि मूळ झिप वेगळ्या जागी हलवावी, म्हणजे चुकून पुन्हा तिच्या आत जाणे होणार नाही.

प्रोग्राम फाइल्समध्ये ठेवण्याचा मोह

नीटनेटकेपणाच्या हौसेपायी अनेक जण पोर्टेबल प्रोग्रामचा फोल्डर सी ड्राइव्हवरील ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये नेऊन ठेवतात. इन्स्टॉल केलेल्या प्रोग्रामसाठी ती योग्य जागा आहे. पोर्टेबलसाठी याहून गैरसोयीची जागा शोधून सापडणार नाही. विंडोज व्हिस्टापासून साध्या अधिकारांनी चालणाऱ्या प्रोग्रामला तेथे लिहिता येत नाही. मग पुढे काय होते ते प्रोग्रामगणिक बदलते, आणि गोंधळ होतो तो त्यामुळेच. काही प्रोग्राम त्रुटी दाखवतात. काही मुकाट्याने सेटिंग्ज टाकून देतात. जुने ३२-बिट प्रोग्राम, ज्यांच्यात अधिकारांविषयीचे निवेदन अंतर्भूत नसते, त्यांना विंडोज फसवते: लिहिणे यशस्वी झाले असे सांगते, आणि फाइल प्रत्यक्षात वापरकर्त्याच्या ‘ॲपडेटा’मधील ‘लोकल’खालच्या ‘व्हर्च्युअल स्टोअर’ या फोल्डरमध्ये वळवते. त्याच संगणकावर सगळे सुरळीत वाटते, कारण वाचतानाही तीच वळवलेली फाइल समोर येते. पण फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी केला की सेटिंग्ज मागेच राहतात.

नोटपॅड++ हे मजकूर लिहिण्याचे साधन येथे जाणीवपूर्वक वेगळे वागते. त्याच्या पोर्टेबल झिपमध्ये ‘डूलोकलकॉन्फ डॉट एक्सएमएल’ नावाची जवळजवळ रिकामी फाइल असते. ती एक्झीशेजारी असली की सेटिंग्ज त्याच फोल्डरमध्ये राहतात. परंतु तोच फोल्डर ‘प्रोग्राम फाइल्स’च्या आत असेल, तर नोटपॅड++ या फाइलीकडे दुर्लक्ष करते आणि सेटिंग्ज ‘ॲपडेटा’त लिहिते. फाइल जागेवर आहे, नाव बरोबर आहे, तरी परिणाम नाही, अशा कोड्यात पडलेल्यांनी आधी फोल्डरची जागा पाहावी. पासवर्ड सांभाळणाऱ्या कीपासचेही काहीसे असेच आहे: पोर्टेबल प्रत आधी स्वतःच्या फोल्डरमध्ये लिहू पाहते आणि तेथे लिहिता आले नाही तर वापरकर्त्याच्या खात्यातील फोल्डरचा आसरा घेते.

यावर ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ हा उपाय सर्रास सुचवला जातो. तो मी सुचवणार नाही. सेटिंग्ज जतन व्हाव्यात एवढ्यासाठी एखाद्या प्रोग्रामला संपूर्ण संगणकाचे अधिकार देणे हा व्यवहार महाग आहे, आणि फोल्डर दुसऱ्या जागी हलवायला तर एक मिनिटही लागत नाही.

‘डॉक्युमेंट्स’ हा फोल्डरही वाटतो तितका निर्धोक नाही. विंडोज १० च्या १७०९ या आवृत्तीपासून डिफेंडर या विंडोजच्या अँटिव्हायरसमध्ये ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ ही सोय आली. ती चालू केलेली असेल, तर अनोळखी प्रोग्रामला ‘डॉक्युमेंट्स’, ‘पिक्चर्स’ अशा फोल्डरांत लिहू दिले जात नाही. अडवल्याची नोंद विंडोज सिक्युरिटीमधील ‘प्रोटेक्शन हिस्टरी’त सापडते. शिवाय ‘डॉक्युमेंट्स’ किंवा ‘डेस्कटॉप’ वनड्राइव्हशी जोडलेला असेल, तर प्रोग्राम चालू असतानाच त्याच्या डेटाबेस फाइली समक्रमित होऊ पाहतात, दोन संगणकांवर एकाच फाइलीच्या दोन आवृत्त्या तयार होतात, आणि सेटिंग्ज कधी नव्या तर कधी जुन्या दिसू लागतात. ड्राइव्हच्या मुळाशी स्वतंत्र फोल्डर करावा असे वर म्हटले ते यासाठीच.

पोर्टेबलपणा वेगळा चालू करावा लागतो

काही प्रोग्रामांची झिप प्रत उतरवली म्हणजे ती पोर्टेबल झाली असा समज असतो. प्रत्यक्षात तसे वागण्यासाठी त्यांना खूण द्यावी लागते. व्हिज्युअल स्टुडिओ कोडच्या झिप प्रतीत मुख्य एक्झीशेजारी ‘डेटा’ नावाचा रिकामा फोल्डर स्वतः तयार करावा लागतो; तो असला की सेटिंग्ज आणि एक्स्टेन्शन्स दोन्ही त्यात जातात, नसला की वापरकर्त्याच्या खात्यात. ही सोय झिप प्रतीसाठीच आहे. इन्स्टॉलरने बसवलेल्या प्रतीत ती वापरू नये, असे तिचे निर्मातेच सांगतात. ओबीएस स्टुडिओला मुख्य फोल्डरमध्ये, म्हणजे ‘बिन’ आणि ‘डेटा’ हे उपफोल्डर जेथे आहेत तेथे, ‘पोर्टेबल’ आणि ‘मोड’ हे दोन शब्द अधोरेषेने जोडून केलेली रिकामी टेक्स्ट फाइल लागते. ब्लेंडरला ४.२ आवृत्तीपासून एक्झीशेजारी ‘पोर्टेबल’ नावाचा फोल्डर लागतो. त्याआधी आवृत्तीच्या क्रमांकाच्या फोल्डरमध्ये ‘कॉन्फिग’ फोल्डर करावा लागत असे, म्हणून जुनी पद्धत नव्या आवृत्तीवर वापरणाऱ्यांची निराशा होते.

येथे एक बारीक अडथळा आहे. विंडोज ओळखीच्या फाइलींची शेपटी, म्हणजे नावाच्या शेवटचा ‘डॉट टीएक्सटी’सारखा भाग, लपवते. ‘पोर्टेबल मोड डॉट टीएक्सटी’ अशी फाइल करायला गेले, की प्रत्यक्षात शेवटी ‘टीएक्सटी’ दोनदा लागते आणि डोळ्यांना एकदाच दिसते. प्रोग्रामला हे नाव ओळखू येत नाही. एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’ मेनूत फाइलींची शेपटी दाखवण्याचा पर्याय चालू करूनच अशा खुणेच्या फाइली कराव्यात.

इरफानव्ह्यूमध्ये खूण उलट दिशेने काम करते. त्याच्या फोल्डरमधील इनी फाइलीत सेटिंग्जच्या फोल्डरची एक ओळ असू शकते, आणि ती ‘ॲपडेटा’कडे बोट दाखवत असेल तर प्रोग्राम कोठूनही चालवला तरी सेटिंग्ज तिकडेच जातात. इन्स्टॉल केलेला फोल्डर जसाच्या तसा पेनड्राइव्हवर कॉपी करणाऱ्यांना हे हमखास भेटते. ती ओळ काढून टाकली की काम होते.

पोर्टेबलॲप्सचे प्रोग्राम आणि टास्कबारवरचे चिन्ह

पोर्टेबलॲप्स डॉट कॉम या संकेतस्थळावरील प्रोग्रामांची रचना समजून घेणे उपयोगाचे आहे, कारण तेथील अनेक प्रोग्राम मुळात पोर्टेबल नाहीत. प्रत्येकाच्या फोल्डरमध्ये सर्वांत वर एक लाँचर असतो, ‘ॲप’ फोल्डरमध्ये मूळ प्रोग्राम आणि ‘डेटा’ फोल्डरमध्ये आपली सेटिंग्ज असतात. गरज असेल तेथे लाँचर सुरुवातीला सेटिंग्ज ‘डेटा’तून उचलून मूळ प्रोग्रामला हव्या त्या जागी, म्हणजे रजिस्ट्रीत किंवा ‘ॲपडेटा’त, नेऊन ठेवतो, मूळ प्रोग्राम चालवतो, आणि तो बंद होईपर्यंत थांबून सगळे परत ‘डेटा’त आणतो. या ने-आणीत खंड पडला की सेटिंग्ज हरवतात.

खंड पडण्याची एक जागा जवळून पाहण्यासारखी आहे. प्रोग्राम चालू असताना टास्कबारवरील त्याच्या चिन्हावर राइट-क्लिक करून ‘पिन टू टास्कबार’ केले, तर पिन होते ती ‘ॲप’ फोल्डरच्या आतील मूळ एक्झी, लाँचर नव्हे. कारण त्या क्षणी खिडकी मूळ प्रोग्रामचीच असते. पुढच्या वेळी त्या चिन्हावर क्लिक केले की लाँचर मध्ये येतच नाही. मूळ प्रोग्राम थेट सुरू होतो, ‘डेटा’ फोल्डर त्याला माहीतच नसतो, आणि समोर कोरा प्रोग्राम उभा राहतो. एक्सप्लोररमधून लाँचरने उघडला तर सेटिंग्ज आहेत, टास्कबारवरून उघडला तर नाहीत, असा विचित्र अनुभव येत असेल तर कारण बहुतेक हेच. पिन केलेले चिन्ह काढावे, लाँचरच्या एक्झीचा शॉर्टकट करावा आणि तो वापरावा.

दुसरी जागा म्हणजे अर्धवट बंद होणे. प्रोग्राम चालू असताना पेनड्राइव्ह ओढला, संगणक बंद पडला किंवा टास्क मॅनेजरमधून लाँचर मारला, तर सेटिंग्ज परत येण्याचे काम राहून जाते. पुढच्या वेळी लाँचर मागील खेपेस प्रोग्राम नीट बंद झाला नव्हता आणि आता साफसफाई करत आहे, असे सांगतो. हा निरोप एखाद्या वेळी आला तर हरकत नाही. दर वेळी येत असेल, तर प्रोग्राम खिडकी मिटल्यावरही घड्याळाशेजारी लपून चालू राहतो का, हे पाहावे; तसे असेल तर त्याच्या स्वतःच्या मेनूतील ‘एक्झिट’ वापरणे आवश्यक आहे.

ड्राइव्हचे अक्षर बदलते तेव्हा

एका संगणकावर पेनड्राइव्हला ई मिळते, दुसऱ्यावर जी. सेटिंग्ज सोबत आल्या तरी त्यांच्यात पूर्ण मार्ग (ड्राइव्हच्या अक्षरापासूनचा पत्ता) लिहिलेला असेल तर तो आता कोठेच पोहोचत नाही. नोटपॅड++ मागच्या वेळी उघड्या असलेल्या फाइलींची यादी पूर्ण मार्गांनिशी ठेवते, त्यामुळे पेनड्राइव्हवरील फाइलींचे टॅब दुसऱ्या संगणकावर उघडत नाहीत. प्रोग्राम पोर्टेबल आहे, यादी नाही. प्रोग्राम सापेक्ष मार्ग (स्वतःच्या फोल्डरपासून मोजलेला पत्ता) स्वीकारत असेल तर तेच द्यावेत. अन्यथा ‘डिस्क मॅनेजमेंट’मधून पेनड्राइव्हला वर्णमालेच्या शेवटाकडील एखादे अक्षर द्यावे, तेथे इतर उपकरणांशी टक्कर क्वचितच होते. ही नेमणूक त्या संगणकावरील विंडोज आपल्याजवळ लक्षात ठेवते, पेनड्राइव्हवर लिहीत नाही. म्हणून ती प्रत्येक संगणकावर एकदा करावी लागते, आणि तिला ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार लागतात.

सगळे आले, पासवर्ड मात्र गेले

क्रोम आणि त्याच्याच गाभ्यावर बांधलेल्या ब्राउझरांच्या पोर्टेबल प्रतींत हा प्रकार होतो: बुकमार्क आहेत, इतिहास आहे, पण प्रत्येक संकेतस्थळावर नव्याने लॉगिन करावे लागते आणि जतन केलेले पासवर्ड दिसत नाहीत. यात काहीही बिघडलेले नसते. हे ब्राउझर पासवर्ड आणि कुकी कूटबद्ध करून ठेवतात, आणि कूटबद्ध करण्याची किल्ली विंडोजच्या ‘डेटा प्रोटेक्शन एपीआय’ या यंत्रणेच्या कुलपात ठेवतात. ते कुलूप त्या संगणकावरील त्या वापरकर्त्याच्या खात्याशी बांधलेले असते. फोल्डर दुसऱ्या संगणकावर नेला की कूटबद्ध मजकूर सोबत येतो, कुलूप उघडणारे खाते मागे राहते. २०२४ मध्ये क्रोमने विंडोजवर कुकींसाठी याहून कडक बंधन घातले. हे संरक्षण चोरीपासून वाचवण्यासाठी आहे, आणि प्रोफाइलचा फोल्डर उचलून नेणारा मालक आहे की चोर, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही.

फायरफॉक्सची पद्धत वेगळी आहे. त्याची किल्ली आणि पासवर्ड दोन्ही प्रोफाइलच्या फोल्डरमध्येच असतात, त्यामुळे ते सोबत येतात. नेमके म्हणूनच पेनड्राइव्ह हरवला तर ज्याच्या हाती पडेल त्याला तेही मिळतात. पेनड्राइव्हवर फायरफॉक्स ठेवायचा असेल तर ‘प्रायमरी पासवर्ड’ लावणे मी अनिवार्य समजतो. क्रोमच्या बाबतीत पासवर्ड ब्राउझरमध्ये न ठेवता कीपाससारख्या स्वतंत्र, स्वतःच्या मुख्य पासवर्डने बंद होणाऱ्या फाइलीत ठेवावेत. ती फाइल कोणत्याही संगणकावर सारखीच उघडते.

प्रोग्राम उघडतच नाही

येथे त्रुटीचा मजकूर शब्दशः वाचावा, कारण कारणे वेगवेगळी आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

‘व्हीसीरनटाइम१४० डॉट डीएलएल’ किंवा ‘एमएसव्हीसीपी१४० डॉट डीएलएल’ सापडत नाही असे म्हटले असेल, तर प्रोग्रामला मायक्रोसॉफ्टचे व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल (अशा सहायक फाइलींचा संच) लागते आणि या संगणकावर ते नाही. आपल्या घरच्या संगणकावर ते दुसऱ्या कोणत्या तरी प्रोग्रामने केव्हाच बसवलेले असते, म्हणून तेथे अडत नाही. ते मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून घेऊन बसवावे, किंवा अधिकार नसतील तर प्रोग्रामची अशी प्रत शोधावी जिच्या फोल्डरमध्ये या फाइली आधीच दिलेल्या आहेत. सुट्या डीएलएल वाटणाऱ्या अनोळखी संकेतस्थळांकडे मात्र वळू नये. ‘०एक्ससी००००००७बी’ हा क्रमांक बहुधा ३२-बिट आणि ६४-बिट फाइलींची सरमिसळ दाखवतो, आणि अशा सुट्या डीएलएल आणून टाकल्याचाच तो अनेकदा परिणाम असतो. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट या पायावर बांधलेल्या प्रोग्रामांच्या झिप कधी दोन प्रकारांत मिळतात: एक लहान, जिला संगणकावर डॉटनेट असावे लागते, आणि एक बरीच मोठी, जिच्यात ते सोबत असते. पेनड्राइव्हसाठी मोठीच घ्यावी.

‘विंडोज प्रोटेक्टेड युवर पीसी’ ही निळी चौकट स्मार्टस्क्रीन या विंडोजच्या राखणदाराची आहे. इंटरनेटवरून आलेल्या फाइलीला ब्राउझर एक अदृश्य खूण लावतो, आणि झिप एक्सप्लोररने उघडली की ती खूण आतील फाइलींनाही लागते. फाइल कोठून आली याची खात्री असेल, तर झिप उघडण्यापूर्वीच तिच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘अनब्लॉक’ करावे; त्याने मदतीच्या जुन्या सीएचएम फाइली कोऱ्या दिसण्याचाही प्रश्न सुटतो. ही खूण एनटीएफएस या रचनेच्या ड्राइव्हवरच टिकते. फॅट३२ किंवा एक्सफॅट पेनड्राइव्हवर कॉपी करताच ती गळून पडते, त्यामुळे पेनड्राइव्हवरून चालवताना इशारा आला नाही याचा अर्थ विंडोजने फाइल तपासून मान्य केली असा घेऊ नये.

एक्झी फाइलच पेनड्राइव्हवरून नाहीशी होत असेल, तर ज्या संगणकाला तो लावला होता तेथील अँटिव्हायरसने ती उचललेली असते. जतन केलेले पासवर्ड दाखवणारी किंवा नेटवर्क तपासणारी छोटी साधने यात वारंवार सापडतात, कारण त्यांचे वागणे घुसखोर प्रोग्रामांसारखे दिसते. ती परत आणण्यापूर्वी निर्मात्याने प्रसिद्ध केलेल्या एसएचए-२५६ ठशाशी (फाइलीच्या आशयावरून काढलेल्या ओळख-क्रमांकाशी) आपल्या फाइलीचा ठसा जुळतो का, हे पाहावे. ठसा जुळला नाही तर विषय तेथेच संपवावा आणि फाइल पुसावी. प्रणालीच्या व्यवस्थापकाने प्रोग्राम रोखला आहे असा निरोप कार्यालयातील किंवा महाविद्यालयातील संगणकावर आला, तर तो धोरणाचा भाग आहे. त्याला वळसा घालण्याच्या युक्त्या येथे दिलेल्या नाहीत, परवानगी मागावी.

पेनड्राइव्ह काढताना आणि आवृत्ती बदलताना

‘हे उपकरण वापरात आहे’ असे म्हणून विंडोज पेनड्राइव्ह सोडत नसेल, तर कोणता प्रोग्राम अडून बसला आहे हे ओळखता येते. ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये ‘विंडोज लॉग्ज’खालील ‘सिस्टिम’ या नोंदवहीत ‘कर्नल-पीएनपी’ या स्रोताची २२५ क्रमांकाची नोंद शोधावी. तिच्यात उपकरण काढणे रोखणाऱ्या प्रोग्रामचे नाव असते. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून बाहेरील ड्राइव्हसाठी ‘क्विक रिमूव्हल’ हे मूळ धोरण झाले, त्यामुळे कॉपी संपल्यावर पेनड्राइव्ह थेट काढणे पूर्वीइतके धोक्याचे राहिलेले नाही. परंतु ही सवलत फाइली कॉपी करण्यापुरती आहे. पेनड्राइव्हवरूनच प्रोग्राम चालू असेल तर त्याच्या उघड्या फाइली अर्ध्यावर तुटतात, आणि एक्सफॅटसारख्या, बदलांची नोंदवही न ठेवणाऱ्या रचनेवर सेटिंग्जची फाइल शून्य बाइटची होऊन बसू शकते.

नवी आवृत्ती घेताना जुन्या फोल्डरवर नवी झिप ओतण्याची पद्धत रूढ आहे, पण तिने नव्या आवृत्तीत नको असलेल्या जुन्या डीएलएल मागे राहतात आणि महिन्याभराने कोणाला कारण उमगत नाही असे बिघाड होतात. नवी आवृत्ती वेगळ्या फोल्डरमध्ये उघडावी, सेटिंग्जची फाइल किंवा ‘डेटा’ फोल्डर तिकडे कॉपी करावा, चार दिवस वापरून पाहावे आणि मगच जुना फोल्डर काढावा. व्हिज्युअल स्टुडिओ कोडच्या पोर्टेबल प्रतीसाठी विंडोजवर हीच अधिकृत रीत आहे.

लिनक्स आणि मॅकओएस

लिनक्सवर ॲपइमेज (एकाच फाइलीत बांधलेला पोर्टेबल प्रोग्राम) चालत नसेल तर आधी फाइलीच्या गुणधर्मांत तिला कार्यान्वयनाची परवानगी द्यावी. फॅट३२ पेनड्राइव्हवर ही परवानगी फाइलीगणिक लावता येत नाही, तेव्हा फाइल स्वतःच्या होम फोल्डरमध्ये आणावी. फ्यूज (ॲपइमेज उघडण्यासाठी लागणारी यंत्रणा) लागते असा निरोप आल्यास, उबुंटू २२.०४ पासून फ्यूजच्या दुसऱ्या आवृत्तीची लायब्ररी आधीपासून बसवलेली नसते हे कारण असते, ती बसवावी. ॲपइमेजची सेटिंग्ज सोबत ठेवण्यासाठी तिच्या शेजारी, तिच्या पूर्ण नावापुढे ‘डॉट होम’ किंवा ‘डॉट कॉन्फिग’ जोडलेला फोल्डर करतात. आवृत्ती बदलली की फाइलीचे नाव बदलते आणि फोल्डरचे तेच राहते. सेटिंग्ज गेल्यासारख्या दिसतात त्या यामुळे. नवी फाइल आणली की फोल्डरचेही नाव बदलावे.

मॅकओएसवर सिएरापासून, म्हणजे २०१६ पासून, डाउनलोड केलेले ॲप ‘डाउनलोड्स’ फोल्डरमधूनच उघडले तर प्रणाली ते एका यादृच्छिक, केवळ वाचता येणाऱ्या जागेवरून चालवू शकते. तेथून ॲपला ना शेजारच्या फाइली दिसतात, ना शेजारी लिहिता येते. फाइंडरमध्ये ॲप ओढून दुसऱ्या फोल्डरमध्ये एकदा हलवले की हे बंधन सुटते; ॲपसोबत असलेला सेटिंग्जचा फोल्डर त्यानंतर स्वतंत्रपणे हलवावा.